ओपनिंगला जा, असं म्हणायला काय जातं?

हा ताज्या भागाचा लिखित अवतार. लोकलमध्ये ज्यांना आवाज नीट ऐकू येत नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोलताना येणारे 'म्हणजे', 'ना', 'बघा' थोडे कापलेत. सगळे कापले तर मी बोलतोय असं वाटणार नाही.

आजचा विषय असा की टीम सिलेक्शनच्या दिवशी आपल्या प्रत्येक ग्रुपवर एक माणूस तो काढतोच. ओपनर फेल जातायत? मग अमुक पाच नंबरवाल्याला वर पाठवा की! सचिन गेला, सेहवाग गेला, रोहित गेला, तिघंही ओपनर म्हणून मोठे झाले. मग अडचण काय आहे?

अडचण आहे. माझीच एक छोटी गोष्ट सांगतो. कॉलेजच्या टीममध्ये मी पाच नंबरला खेळायचो. एका मॅचला आमच्या ओपनरची व्हायवा निघाली. कॅप्टन म्हणाला, "तू जा रे, तुझा डिफेन्स चांगलाय." मॅटिंगची विकेट, कोरा करकरीत बॉल. तिसऱ्याच बॉलला कड लागली आणि थेट पहिल्या स्लिपच्या हातात. ठीक आहे, होतं असं. पण पुढच्या मॅचला ओपनर परत आला, आणि माझ्या पाच नंबरवर दुसराच मुलगा. मी पाण्याच्या बाटल्या घेऊन बाहेर. टीमची अडचण होती म्हणून मी वर गेलो होतो, पण जागा माझी गेली. माझं काही फार बुडालं नाही, मी तसाही कुठे देशासाठी खेळणार होतो! पण तेव्हापासून कुणाला ओपनिंगला पाठवलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो, की हा जुगार कुणाच्या पैशावर चाललाय?

आधी खेळातला फरक समजून घेऊ. टीव्हीवर बघताना वाटतं, बॉल तोच, बॅट तीच, नंबर बदलला तर काय मोठं?

पाच नंबरचा बॅटर साधारण कधी येतो? टेस्टमध्ये बॉल तीस-चाळीस ओव्हर जुना झालेला असतो. शिवण बसलेली, चमक उतरलेली, एका बाजूने बहुतेक स्पिनर लागलेला. स्लिपमध्ये चारऐवजी एक किंवा दोन जण. शिवाय त्याने दोन-तीन तास ड्रेसिंग रूममधून विकेट बघितलेली असते. कुठला बॉलर दमलाय, कुठल्या एंडने बॉल खाली राहतोय, सगळं माहीत असतं. ओपनरला यातलं काहीच नाही मिळत. समोरची टीम ऑलआऊट झाली की डावांच्या मध्ये दहा मिनिटं. दिवसभर उन्हात फिल्डिंग केलेली, पाय जड झालेले, आणि दहा मिनिटांत पॅड बांधून, डोकं बदलून जगातल्या सगळ्यात ताज्या बॉलरसमोर उभं राहायचं. संध्याकाळी पाच-सहा ओव्हर खेळून काढायच्या असतील तर बघायलाच नको. त्या अर्ध्या तासात कमवायला काही नसतं, फक्त गमवायला असतं.

आणि बॉलही देशागणिक बदलतो. ऑस्ट्रेलियातल्या कुकाबुराची शिवण मशीनवर घातलेली असते, ती लवकर बसते. पहिल्या पंधरा-वीस ओव्हर तग धरलात की आयुष्य जरा सोपं होतं. इंग्लंडचा ड्यूक हाताने शिवलेला, तो कितीतरी वेळ डोलत राहतो. म्हणून एकाच माणसाला एका देशात ओपनिंगला पाठवणं शहाणपणाचं आणि दुसऱ्या देशात जवळपास क्रूर ठरू शकतं.

आता दुसरी बाजू बघा, कारण नाण्याला ती आहेच. नवा बॉल कडक असतो. कडक बॉल बॅटवरून सणसणीत सुटतो. टेस्टमध्ये तीन स्लिप आणि गली लावली म्हणजे कव्हरचा, पॉइंटचा प्रदेश मोकळा पडला. वन डेत तर पहिल्या दहा ओव्हर वर्तुळाबाहेर दोनच फिल्डर, टी-ट्वेंटीत सहा ओव्हर. ज्याच्याकडे हात आहेत आणि हिंमत आहे, त्याच्यासाठी ही दिवाळीच. शिवाय वाट बघावी लागत नाही. ही गोष्ट आपण फार कमी धरतो. पाच नंबरवाला कधी तीन बाद पाचवर येतो, कधी दोनशेवर तीन असताना, कधी शेवटच्या चार ओव्हर उरल्यावर. प्रत्येक वेळी त्याला आधी परिस्थितीचा पेपर वाचावा लागतो. ओपनरचा पेपर रोज एकच असतो. शून्यावर शून्य, आणि नवा बॉल.

वन डेत हे गणित किती उलटं फिरू शकतं, त्याची सगळ्यात मोठी गोष्ट आपल्या घरचीच आहे. २७ मार्च १९९४, ऑकलंडचं ईडन पार्क. सकाळी नवज्योत सिद्धूची मान आखडली. वीस वर्षांचा सचिन कर्णधार अझरुद्दीन आणि मॅनेजर अजित वाडेकर यांच्याकडे गेला आणि म्हणाला, मला एकदा पाठवून बघा, फेल गेलो तर पुन्हा कधी मागणार नाही. न्यूझीलंडने १४२ केल्या होत्या. सचिनने ४९ बॉलमध्ये ८२ केल्या, १५ चौकार आणि २ षटकार. मॅच चोवीस ओव्हरच्या आत संपली.

लोकांना हे ८२ पाठ असतात. मला त्याच्या आधीचा आकडा जास्त बोलतो. तोपर्यंत सचिन ६९ वन डे खेळला होता, आणि त्यात एकही शतक नव्हतं. सचिन! टेस्टमध्ये सतराव्या वर्षी शतक ठोकलेला सचिन! म्हणजे खेळाडू कमी पडत नव्हता, जागा चुकत होती. पाचव्या नंबरवर त्याला बॉलच मिळत नव्हते. ऑकलंडनंतरच्या दोन मॅचमध्ये ६३ आणि ४०, आणि सप्टेंबर १९९४ मध्ये कोलंबोला ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिलं शतक, ७९ व्या मॅचमध्ये. करिअरच्या शेवटी ४९ वन डे शतकं, त्यातली ४५ ओपनर म्हणून.

वाडेकरांबद्दल एक वाक्य बोलायलाच हवं. बाहेरच्यांना मुंबईची जुनी शाळा म्हणजे खडूस, सावध, विकेट न फेकणारी, असं वाटतं. पण त्या सकाळी होकार देणाऱ्यांत वाडेकर होते. आपल्याच गावच्या सगळ्यात मौल्यवान बॅटरला नव्या बॉलसमोर सोडायला तेव्हा धाडस लागत होतं.

आणि ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. दोनच वर्षांपूर्वी, १९९२ च्या वर्ल्ड कपमध्ये, त्याच ईडन पार्कवर न्यूझीलंडने जॉन राइट दुखापतीमुळे बाहेर असताना मार्क ग्रेटबॅचला ओपनिंगला आणलं. हा ग्रेटबॅच म्हणजे १९८९ मध्ये पर्थच्या टेस्टमध्ये ६५५ मिनिटं उभं राहून नाबाद १४६ करणारा माणूस. अकरा तास किल्ला लढवणारा! त्याला म्हणाले, आता पहिल्या पंधरा ओव्हर वर्तुळावरून उचलून मार. आणि तो मारत सुटला. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ६८, आणि पुढे सगळी स्पर्धा तोच थाट. तेव्हा पंधरा ओव्हर फिल्डर आत ठेवायचा नियम होता, त्याचा फायदा उचलायची ती युक्ती होती.

जाता जाता एक गंमत. ओपनिंगचा इतिहास हा ओपनर मंडळींच्या दुखण्यांचा इतिहास आहे. राइटच्या दुखापतीमुळे ग्रेटबॅच. सिद्धूच्या मानेमुळे सचिन. २००१ मध्ये सचिनच्या पायाचं बोट दुखावलं, तो श्रीलंकेला गेला नाही, म्हणून सेहवाग वन डेत ओपनिंगला आला आणि न्यूझीलंडविरुद्ध ६९ बॉलमध्ये शतक. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये पर्थच्या अ‍ॅशेस टेस्टला उस्मान ख्वाजाची पाठ धरली, म्हणून चौथ्या डावात ट्रॅव्हिस हेड ओपनिंगला आला. २०५ चा पाठलाग, त्याचंही शतक ६९ बॉलमध्येच. योजना आखून जेवढे ओपनर झाले नाहीत, तेवढे फिजिओच्या टेबलावर झाले.

पण हे बहुतेक वन डेचं झालं. खरा प्रश्न टेस्टचा आहे, आणि माझ्या कॉलेजच्या गोष्टीला जोडलेला प्रश्नही तिथेच सुरू होतो.

सेहवागची टेस्ट करिअर सुरू झाली सहा नंबरवर. नोव्हेंबर २००१, ब्लोमफाँटेन, चार बाद ६८ असताना आला आणि १०५ करून गेला. पदार्पणात परदेशात शतक. तरीही काही महिन्यांत त्याला सांगितलं गेलं, वर जा. का? कारण मधली फळी म्हणजे द्रविड, सचिन, गांगुली, लक्ष्मण. त्या दारावर 'जागा नाही' अशी पाटी होती. नीट लक्ष द्या. म्हणजे त्याचं तंत्र ओपनरचं आहे म्हणून त्याला पाठवलं नव्हतं. टीममध्ये हवाय, पण खुर्ची नाही, म्हणून पाठवलं होतं. आपण सगळे नंतर 'मास्टरस्ट्रोक' म्हणतो, ती तेव्हा बसायच्या जागेची अडचण होती.

मात्र सेहवागने एक व्यवहार केला. त्याने नंतर सांगितलंय की त्याला खात्री हवी होती: ओपनर म्हणून चाललो नाही तर टीमबाहेर काढण्याआधी मला मधल्या फळीत परत संधी मिळेल. गांगुलीने शब्द दिला. राइट कोच होते. हो, तेच जॉन राइट, ज्यांच्या दुखापतीमुळे ग्रेटबॅच वर आला होता. जुलै २००२, लॉर्ड्स, पहिल्यांदा टेस्टमध्ये ओपनिंग, ८४. पुढच्याच टेस्टला ट्रेंट ब्रिजवर १०६. ड्यूक बॉल, इंग्लंडचं ढगाळ वातावरण, पाय न हलवणारा माणूस, पुस्तकाप्रमाणे सगळं चुकीचं. पण स्लिपचा ताफा लावला की ऑफला मोकळं रान पडतं, हे त्याने सगळ्यांआधी ओळखलं. आणि जो माणूस 'आऊट झालो तर संपलो' या भीतीने खेळत नाही, तोच पहिल्या ओव्हरला असा कट मारू शकतो. मला वाटतं, मुलतानच्या ३०९ चं आणि चेन्नईच्या ३१९ चं थोडं श्रेय त्या शब्दाला द्यायला हवं.

आता दुसरा माणूस. त्याच टीममधला, त्याच काळातला, ज्याला असा शब्द मिळाला नाही. व्हीव्हीएस लक्ष्मण.

हैदराबादचा मधल्या फळीतला बॅटर. मनगटं अशी की स्पिनरला ऑफ स्टंपबाहेरून मिडविकेटला पाठवतो. त्याला १९९७ पासून ओपनर करायचा प्रयत्न चालला होता. एक मॅच वर, दोन मॅच बाहेर, पुन्हा वर. जानेवारी २००० मध्ये सिडनीला ओपनिंगला येऊन त्याने १६७ केल्या. भारताचा अख्खा डाव २६१ चा होता. दुसऱ्या कुणालाही तीस गाठता आले नाहीत! त्याच मोसमात रणजीत १४१५ धावा, आठ शतकं. कुणीही म्हणेल, सापडला ओपनर.

आणि लक्ष्मण म्हणाला, नाही. यापुढे ओपनिंग करणार नाही, मधल्या फळीत जागा मिळाली तर खेळेन, नाही मिळाली तर नाही. त्या देशात, त्या काळात, २५-२६ वर्षांच्या मुलाने असं म्हणणं म्हणजे काय असेल, जरा विचार करा. बाहेर शंभर जण कुठल्याही नंबरवर खेळायला तयार उभे होते. सिडनीचं शतक त्याच्यासाठी पुरावा नव्हता, तो सापळा होता. एक डाव चालला की पुढचे दहा फेल डाव त्याच्या नावावर लागले असते, टीमच्या नाही.

पुढे काय झालं ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मार्च २००१, ईडन गार्डन्स. पहिल्या डावात सहा नंबरला ५९, फॉलोऑननंतर त्याला तीन नंबरला पाठवलं आणि २८१. म्हणजे वर पाठवणं मुळात वाईट नव्हतं. तीन नंबरने त्याला नव्या बॉलपासून तेवढा एक दरवाजा लांब ठेवलं, आणि आदल्या डावाची लय हातात होती. द्रविड खाली सहा नंबरला गेला आणि १८० करून गेला. बदल दोघांनी केला, पण कुणीही बळीचा बकरा नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, सेहवाग आक्रमक होता म्हणून चालला. हेही पूर्ण खरं नाही, कारण मग रोहित शर्माचं काय?

वन डेत रोहितला २०११ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत ओपनिंगला आणलं होतं. तीन डाव, तिन्ही किरकोळ. तिथेच फाइल बंद होऊ शकली असती. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीला धोनीने पुन्हा पाठवलं, ८३. पुढे तीन द्विशतकं, त्यातलं एक २६४. इथे नियमाचाही हात आहे. ऑक्टोबर २०११ पासून वन डेत दोन्ही एंडने वेगवेगळा नवा बॉल आला. पस्तिसाव्या ओव्हरलाही बॉल जेमतेम सतरा-अठरा ओव्हर वापरलेला. सुरुवातीची पाच-सहा ओव्हर निभावलीत की उरलेला दिवस कडक, सरळ येणारा बॉल. पुरुषांच्या वन डेत द्विशतक करणारे बघा, २०२३ मध्ये मॅक्सवेलने अफगाणिस्तानविरुद्ध नाबाद २०१ करेपर्यंत झाडून सगळे ओपनर होते. (२०२५ पासून ३४ ओव्हरनंतर एकच बॉल चालवायचा नियम आलाय. याचा ओपनर मंडळींवर काय परिणाम होतो ते बघायला मजा येईल.)

टेस्टमध्ये रोहित ओपनर झाला ऑक्टोबर २०१९ मध्ये, २७ टेस्ट सहा-पाच नंबरवर आत-बाहेर केल्यावर. पुन्हा तीच खुर्चीची गोष्ट! पुजारा, कोहली, रहाणे बसलेले. आधीच्या सराव सामन्यात तो शून्यावर गेला आणि आपल्या फोनवर मीम्सचा पाऊस पडला, आठवतंय? मग विशाखापट्टणमला १७६ आणि १२७, रांचीला २१२. पण माझ्या लेखी खरी परीक्षा २०२१ चा इंग्लंड दौरा. ओव्हलला १२७, तब्बल २५६ बॉल खेळून. बॉल सोडत बसलेला रोहित! तो पूल मारणारा, आळशी वाटणारा माणूस ऑफ स्टंपबाहेरचा प्रत्येक बॉल कीपरकडे जाऊ देत होता. सेहवागच्या अगदी उलट रस्ता, आणि तरी तोच मुक्काम. त्यामुळे 'मारणारा असेल तर वर पाठवा' हा फॉर्म्युला कचऱ्यात टाका.

मग यश कशात मोजायचं? सगळ्यांनाच शतक ठोकायचं नसतं. डिसेंबर २०१८, मेलबर्न. भारताचे दोन्ही ओपनर फेल, म्हणून हनुमा विहारीला मयांक अगरवालबरोबर वर पाठवलं. विहारी ६६ बॉल खेळला आणि ८ धावा करून गेला. स्कोअरकार्ड बघून हसाल. पण कुकाबुराची चमक तेवढ्या वेळात उतरली, पुजारा आला तेव्हा बॉल अठरा ओव्हर जुना होता, आणि पुजाराने १०६ केल्या. मॅच जिंकली, मालिकाही. ऑस्ट्रेलियातली आपली पहिलीच. आणि पुढच्या सिडनी टेस्टला विहारी आपल्या सहा नंबरवर परत, तिथे ४२. माझ्या मते असं करावं. कामाला पाठवलं, काम झालं, जागा परत दिली.

मोठं नाव असेल तर चालेलच, असंही नाही. जानेवारी २०२४, वॉर्नर रिटायर झाला आणि स्टीव्ह स्मिथ स्वतःहून म्हणाला, मी करतो ओपनिंग. चार टेस्ट, १७१ धावा, सरासरी २८.५०. त्यातही गॅबावर नाबाद ९१, शामार जोसेफने ज्या मॅचमध्ये ऑस्ट्रेलियाला आठ धावांनी हरवलं तीच. ते ९१ काढले तर काय उरतं बघा. काही महिन्यांनी तो चार नंबरवर परत आला. त्याला परत यायला जागा होती, कारण तो स्टीव्ह स्मिथ आहे. पंचवीस वर्षांच्या एखाद्या नवख्या पोराने या चार टेस्ट अशा खेळल्या असत्या तर त्याचं नाव आज तुम्हाला गूगल करावं लागलं असतं.

म्हणून पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी लिहिलं की अमक्याला ओपनिंगला टाका, तर त्याला विचारा: याला किती डाव देणार? आणि नाही चालला तर याची आधीची जागा कुणी गरम करून ठेवलेली असेल? उत्तर 'दोन मॅच बघू' असं असेल, तर त्या पोराने लक्ष्मणसारखं नाही म्हणावं असं मला मनापासून वाटतं. म्हणणं सोपं नाही, माहीत आहे. मीही त्या दिवशी गपचूप पॅड बांधले होते.

आणि शेवटी चक्र कसं फिरतं बघा. नोव्हेंबर २०२४, पर्थ. मुलाच्या जन्मामुळे रोहित पहिल्या टेस्टला नव्हता. केएल राहुल ओपनिंगला गेला आणि जयस्वालबरोबर २०१ ची भागीदारी केली. रोहित अ‍ॅडलेडला आला तेव्हा तो कॅप्टन होता. तो आपली जागा सहज परत घेऊ शकला असता. त्याने राहुलला वर राहू दिलं आणि स्वतः सहा नंबरला उतरला, जिथून २०१३ मध्ये निघाला होता तिथेच. ३ आणि ६ धावा. मेलबर्नला पुन्हा वर आला, तिथेही नाही चाललं, आणि सिडनीला तो स्वतःच बाहेर बसला.

पुढच्या भागात नाइट वॉचमनवर बोलू, तीही एक वेगळीच शिक्षा आहे. तोवर, बाय!